ओपेटायानं हेवीवेटमध्ये यावं का? वजन, सांगाडा आणि पाय

म्हादई (शनिवार, रात्री ९:४०)

म्हापशात आमचा सराव संपला की हाताच्या पट्ट्या सोडता सोडता रोज एक वाद होतो. या आठवड्यातला वाद काही मिटला नाही, म्हणून तो इथे आणतोय. जय ओपेटाया हा ऑस्ट्रेलियन डावखुरा मला आजचा सर्वोत्तम क्रूझरवेट वाटतो. २०२२ मध्ये तेव्हाचा विजेता ब्रिएडिसविरुद्ध जबडा दोन्ही बाजूंनी मोडला असताना त्यानं लढत पूर्ण केली आणि जिंकली. आता त्यानं वरच्या गटात जावं का? गेला तर तिथल्या पहिल्या फळीसमोर टिकेल का?

नियमित न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्रूझरवेटची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. त्याच्या वर हेवीवेट, आणि तिथे मर्यादाच नाही. इतर गटांत वजनकाटा दोघांना एका रेषेवर आणतो. इथे एकजण १०२ किलोंचा आणि समोरचा १२७ चा असला तरी घंटा वाजते. हा आकडा खरा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला युक्रेनचा उसिक २२६ पौंडांचा होता आणि ब्रिटनचा हेवीवेट फ्युरी २८१ चा. तिन्ही पंचांनी ११६-११२ असे गुण उसिकला दिले.

ओलेक्सांद्र उसिकमुळेच हा प्रश्न पुन्हा जिवंत झालाय. २०१८ मध्ये मॉस्कोत गासिएव्हला हरवून तो क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला टॉटनहॅमच्या मैदानावर त्यानं हेवीवेट विजेत्या अँथनी जोशुआला हरवलं, पुढच्या वर्षी जेद्दाहला पुन्हा हरवलं. मे २०२४ मध्ये फ्युरी, डिसेंबरमध्ये पुन्हा फ्युरी. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीवर द्युबुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं. तेव्हा त्याचं वय ३८ होतं.

यावरून 'छोटा माणूस मोठ्याला हरवू शकतो' असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. उसिक छोटा नाहीच. उंची सहा फूट तीन इंच, खांदे रुंद, हात लांब. क्रूझरवेटमध्ये तो खाली ओढून आणलेला हेवीवेट होता. शिवाय गासिएव्हला हरवल्यापासून जोशुआसमोर उभं राहीपर्यंत त्यानं तीन वर्षं घेतली. आधी विदरस्पून, मग चिसोरा. चिसोराविरुद्ध वजन २१७, जोशुआविरुद्ध २२१, फ्युरीविरुद्ध पहिल्यांदा २२३. दर वेळी थोडं थोडं, आणि पाय जड होऊ न देता. माझं म्हणणं एवढंच की वजन वाढवता येतं, सांगाडा वाढवता येत नाही. ओपेटाया सहा फूट दोन इंच आहे, म्हणजे सांगाडा आहे. दोन वर्षं आणि १५ पौंड दिले तर तो जोशुआसारख्याला हरवेल असं मला वाटतं.

तुमचं मत सांगा. फुटबॉलच्या धाग्यांवर आपल्या गोंयकारांची गर्दी असते, इथेही जरा या.

शापोरा (शनिवार, रात्री १०:१५)

भाऊ, पूर्ण असहमत. उसिक अपवाद आहे आणि तुम्ही त्याचा नियम करताय. इतिहास बघा. हे सगळे लाइट हेवीवेटचे (मर्यादा १७५ पौंड) विजेते, वर जाऊन हेवीवेटांसमोर उभे राहिलेले.

बिली कॉन, १९४१. लाइट हेवीवेटचा विजेता. जो लुईविरुद्ध १२ राउंड संपले तेव्हा गुणांत पुढे होता. तेराव्यात बाद. बॉब फॉस्टर, लाइट हेवीवेटमध्ये त्याच्यासारखा ठोसा कुणाचा नव्हता. १९७० मध्ये फ्रेझरनं दुसऱ्याच राउंडमध्ये संपवला, १९७२ मध्ये अलीनं आठव्यात. आर्ची मूरनं १९५५ मध्ये मार्सियानोला दुसऱ्या राउंडमध्ये खाली पाडलं, आणि नवव्यात स्वतः बाद झाला. मायकल स्पिंक्स, १९८८, माइक टायसनपुढे ९१ सेकंद.

प्रत्येक गोष्ट सारखीच आहे. छोटा माणूस अकरा-बारा राउंड बरोबर खेळतो आणि एकदा चुकतो. मोठा माणूस दहादा चुकतो आणि एकदा बरोबर लागतो. हा हिशेब फूटवर्कनं बदलत नाही.

म्हादई (शनिवार, रात्री १०:५०)

शापोरा, यादी चांगली आहे, पण स्पिंक्स त्यातून काढा. त्या रात्री स्पिंक्स २१२ पौंडांचा आणि टायसन २१८ चा होता. फरक अवघा सहा पौंडांचा, आणि उंचीत स्पिंक्सच मोठा! टायसन स्वतः पाच फूट दहा इंच. तिथे आकार नाही हरला, टायसनच्या वेगासमोर मन आणि पाय हरले. आणि तोच स्पिंक्स १९८५ मध्ये हेवीवेट विजेत्या लॅरी होम्सला हरवून आला होता. होम्स तेव्हा ४८-० होता, आणखी एक विजय मिळाला असता तर मार्सियानोच्या ४९-० ची बरोबरी झाली असती.

कॉनचं उदाहरणही उलटं वाचून बघा. सुमारे २५ पौंड कमी असताना तो जो लुईच्या पुढे होता. तेराव्यात तो हरला कारण गुणांवर जिंकायचं सोडून लुईला बाद करायला गेला. ही आकाराची चूक नाही, निर्णयाची आहे.

शापोरा (शनिवार, रात्री ११:०५)

निर्णयाची चूक कधी होते? थकल्यावर. आणि छोटा माणूस का थकतो ते तुम्ही स्वतः प्रशिक्षक असून विसरताय.

कुशावती (रविवार, सकाळी ७:३०)

या मुद्द्यावर मला बोलायचंय, कारण हा माझ्या अंगावरचा अनुभव आहे. मी विद्यापीठाकडून ५४ किलोत खेळायचे. एका निवड शिबिरात माझ्या वजनाची जोडीदार आली नव्हती, म्हणून स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, ६६ किलोंची मुलगी दिली. असं करायला नको होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, बरं झालं, शिकायला मिळेल.

दादा, मला तिच्या ठोशांनी काही झालं नाही. ते मला दिसत होते. पहिल्या राउंडमध्ये तर मीच तिला जास्त लावले. मला मारलं ते क्लिंचनं, म्हणजे मिठी मारून अडकवण्यानं. प्रत्येक वेळी मी आत गेले की ती हात माझ्या मानेवर टाकायची आणि नुसतं वजन सोडायची. ढकलायची नाही, काही नाही, फक्त टेकायची. ते वजन माझ्या मानेतून पाठीत आणि पाठीतून पोटऱ्यांत उतरायचं. तिसऱ्या राउंडला माझे पाय भातरोवणी करून आल्यासारखे झाले होते. डोक्याला कळत होतं की डावीकडे सरकायचं, पण पाय अर्ध्या सेकंदानं मागे. आणि त्या अर्ध्या सेकंदात तिचा उजवा हात आला.

म्हणून शापोरांचा हिशेब मी थोडा बदलते. मोठ्याचा ठोसा बारा राउंडांत एकदाच लागला तरी चालतो, पण तो लागावा म्हणून त्याचं वजन प्रत्येक मिनिटाला काम करत असतं. फ्युरी हे फार चांगलं करतो. २०२० मध्ये वाइल्डरला त्यानं असंच पिळून काढलं होतं.

आता बघा, मे २०२४ च्या लढतीत उसिक काय करतो. तो आत जातो, दोन-तीन ठोसे मारतो आणि फ्युरीचा हात मानेवर येण्याआधी कडेनं बाहेर पडतो. मागे नाही हं, कडेला. मागे गेलं की मोठ्याचा लांब हात पोचतो, थांबलं की वजन पडतं. मला वाटतं त्याचं सगळं यश त्या एका पावलात आहे.

साळकाठ (रविवार, सकाळी ९:१०)

बाय, तू लिहिलेलं वाचून मला लहानपणच्या धीरयो आठवल्या. पीक निघालं की शेतात बैल झुंजवायचे. पुढे उच्च न्यायालयानं बंदी आणली आणि ती योग्यच होती, त्या मुक्या जिवांचे हाल मी पाहिलेत. पण एक गोष्ट डोळ्यांपुढे आहे. लहान पाडा मान खाली घालून मोठ्याच्या गळ्याखाली घुसला तर मोठा वळून पळायचा. मात्र एकदा शिंगं अडकली आणि सरळ रेटारेटी सुरू झाली की लहान्याचे गुडघे वाकत. जाणते लोक शिंगं बघत नसत, मागचे पाय बघत.

वाळवंटी (रविवार, सकाळी ११:२५)

मी साखळीचा, पण तालीम कोल्हापुरात केली. कुस्तीत लहान पैलवान मोठ्याला चीतपट करतो हे नवं नाही. तो पटात शिरतो, मोठ्याचंच वजन त्याच्याविरुद्ध वापरतो. बॉक्सिंगमध्ये कंबरेखाली हात लावता येत नाही, पकड नाही, पाडणं नाही. म्हणजे लहान माणसाची निम्मी हत्यारं आधीच काढून घेतलेली. म्हणून मला उसिकचं कौतुक जास्त वाटतं.

आणि एक विचारतो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य जिंकलं. वजनगट नसते तर त्या माणसाची कला जगाला दिसली असती का? मग बॉक्सिंगमध्ये वरचा गट असा मोकाट का सोडलाय?

म्हादई (रविवार, दुपारी १:००)

वाळवंटी, प्रश्न मोलाचा आहे. एकेकाळी त्या मोकाट गटात माणसं एवढी मोठी नव्हतीच. मार्सियानो मूरविरुद्ध १८८ पौंडांचा होता. आजच्या काट्यावर तो क्रूझरवेट ठरतो! डेम्प्सीनं १९१९ मध्ये टोलेडोला २४५ पौंडांच्या विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं, तेव्हा तो स्वतः १८७ चा होता. बॉब फिट्झसिमन्सनं १८९७ मध्ये कॉर्बेटला पोटावरच्या ठोशानं बाद करून हेवीवेटचा किताब घेतला, तो तर १६७ पौंडांचा.

सत्तरच्या दशकात हेवीवेट फुगत गेले आणि मधल्या माणसांना जागा उरली नाही, तेव्हा १९७९ च्या सुमारास क्रूझरवेट गट आला. सुरुवातीला मर्यादा १९० होती, नंतर २०० झाली. २०२० मध्ये डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेनं २२४ पौंडांपर्यंतचा ब्रिजरवेट नावाचा आणखी एक गट काढला. पण बॉक्सर तिथे जायला उत्सुक नाहीत. पैसा आणि मान दोन्ही हेवीवेटमध्ये आहेत. उसिक त्या गटात थांबला असता तर आज आपण हा धागा लिहीत नसतो.

कुशावती, तुझा अनुभव वाचून मी गप्प झालो. माझ्याकडच्या मुलांना आता वजनाबाहेर स्पारिंग देताना मी दहा वेळा विचार करीन. तुझं 'कडेला पाऊल' मला अजून नेमकं मांडायचंय. उसिक डावखुरा आहे, जोशुआ उजवा. समोरासमोर उभे राहिले की उसिकचा पुढचा उजवा पाय आणि जोशुआचा पुढचा डावा पाय एकमेकांना भिडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. उसिक सतत ती बाहेरची जागा घेतो आणि पुढच्या हातानं समोरच्याचा जॅब, म्हणजे त्याच्या पुढच्या हाताचा सरळ ठोसा, थापटत राहतो. मोठ्या माणसाचं पहिलं हत्यार जॅबच असतो. तो बोथट झाला की लांब हाताचा उपयोग संपतो. ओपेटायाही डावखुरा आहे, हे विसरू नका.

झुआरी (रविवार, दुपारी ४:४५)

शरीराचा अभ्यास हाच माझा व्यवसाय, म्हणून थोडं. माणूस सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठा झाला तर वजन घनाच्या प्रमाणात वाढतं, पण स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे मोठ्या माणसाचा एकेक ठोसा जड असतो, पण स्वतःचंच शरीर ३६ मिनिटं हलवत राहणं त्याला महाग पडतं. अंगातली उष्णता बाहेर टाकणंही अवघड, कारण वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ कमी. उसिकच्या बऱ्याच लढती आठव्या राउंडनंतर त्याच्या बाजूला झुकतात ते उगाच नाही.

मात्र मान आणि जबड्याबद्दल मी शापोरांच्या बाजूनं आहे. डोकं गरकन फिरलं की मेंदूला झटका बसतो, आणि ते फिरणं रोखते ती मान. ९० किलोंच्या माणसाची मान १२० किलोंच्या माणसाच्या ठोशासाठी घडलेली नसते.

शापोरा (रविवार, सायंकाळी ६:३०)

झुआरी, आभार. आता मूळ मुद्द्यावर येऊ. म्हादई भाऊंनी सांगाड्याचा नियम सांगितला. मग रॉय जोन्स? २००३ मध्ये हेवीवेट विजेत्या रुइझविरुद्ध तो १९३ चा आणि रुइझ २२६ चा. जोन्स मूळचा मिडलवेट (मर्यादा १६० पौंड), सांगाडा लहान. तरी सहज जिंकला. म्हणजे तुमचा नियम तिथेही टिकत नाही.

म्हादई (रविवार, सायंकाळी ७:२०)

जोन्सची लढत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. फिट्झसिमन्सनंतर मिडलवेटच्या विजेत्यानं हेवीवेटचा किताब घेतला तो त्या रात्री, १०६ वर्षांनी. पण समोर कोण होता ते बघा. रुइझ जवळ येऊन मिठी मारणारा, लांबून जॅब टाकत राहणारा नव्हे. जोन्सनं हेवीवेट गट नाही जिंकला, त्यानं एक हेवीवेट निवडला. हे मी त्याला कमी लेखायला म्हणत नाही, निवड हीसुद्धा कला आहे. पण त्यानंतर तो वर थांबला नाही. वाढवलेलं वजन उतरवून १७५ ला, म्हणजे लाइट हेवीवेटला गेला, टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरनं दुसऱ्या राउंडमध्ये बाद केला. त्या वर-खाली होण्यानं त्याच्या अंगातलं काहीतरी गेलं, असं मला मनापासून वाटतं. जोन्स माझ्या पिढीचा लाडका होता. ती रात्र आजही सहन होत नाही.

क्रूझरवेटचा माजी विजेता डेव्हिड हे, त्याचंही तसंच. २००९ मध्ये न्यूरेम्बर्गला त्यानं सात फुटी, १४३ किलोंच्या वॅलुएव्हला हरवलं. फरक जवळजवळ ४५ किलोंचा! पण वॅलुएव्ह संथ होता. २०११ मध्ये हँबर्गला व्लादिमिर क्लिच्कोसमोर उभा राहिला तर त्याला आत शिरायलाच मिळालं नाही. सहा फूट सहा इंचांचा माणूस, शिस्तीचा जॅब आणि आत आलास तर मिठी. बारा राउंड. डेव्हिड हेकडे वेग होता, सांगाडाही होता, फक्त कुशावतीनं सांगितलेलं ते कडेचं पाऊल नव्हतं. तो सरळ आत उडी मारायचा आणि सरळ मागे यायचा.

होलीफील्ड मात्र वेगळा. १९८८ मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता. मग शरीर घडवायला वेळ दिला, ली हॅनीसारख्या शरीरसौष्ठवपटूची मदत घेतली, आणि १९९० मध्ये २०८ पौंडांवर २४६ च्या डग्लसला तिसऱ्या राउंडमध्ये बाद केलं. तरीही १९९२ मध्ये रिडिक बो समोर आला तेव्हा तीस पौंडांचा फरक आणि चांगलं तंत्र दोन्ही एकाच माणसात होतं, आणि होलीफील्ड हरला. ती दहावी राउंड ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आज रात्री पाहा. त्यातच तुम्हाला दोघांच्याही बाजू दिसतील.

शापोरा (रविवार, रात्री ८:०५)

हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! 'मोठा आणि चांगला' असा माणूस आला की छोटा संपला. तुमची सगळी उदाहरणं 'मोठा पण कुठेतरी कच्चा' अशी आहेत.

आता नाव घेतो. ब्रिटनचा हेवीवेट मोझेस इटाउमा. जन्म डिसेंबर २००४. ऑगस्ट २०२५ मध्ये रियाधला डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. उंची सहा फूट चार इंच, हात विजेसारखे, आणि भाऊ, *तोही डावखुरा आहे.* तुमचं बाहेरच्या पायाचं गणित त्याच्यापुढे लावून दाखवा.

कुशावती (रविवार, रात्री ८:४०)

शापोरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. डावखुऱ्याला डावखुरा आवडत नाही, हे मी रिंगणात भोगलंय. आयुष्यभर आपण उजव्यांविरुद्ध सराव करतो. समोर आपलंच प्रतिबिंब आलं की पाय कुठे ठेवायचा ते नव्यानं शिकावं लागतं. उजवे बॉक्सर डावखुऱ्याला जितके कमी भेटतात, त्याहून डावखुरा डावखुऱ्याला कमी भेटतो.

म्हादई (रविवार, रात्री १०:३०)

जेवण बाजूला ठेवून मे २०२४ ची फ्युरीची लढत पुन्हा पाहिली, आवाज बंद करून, फक्त पाय. मग इटाउमा-व्हाइट पाहिली, ती तर दोन मिनिटांत संपते.

शापोरा, या बाबतीत मी मागे येतो. उसिकनं फ्युरीला हरवलं ते बाहेरच्या पायामुळे, पोटावर सुरुवातीपासून टाकलेल्या सरळ डाव्यामुळे आणि नवव्या राउंडपर्यंत टिकलेल्या दमामुळे. मधल्या राउंडमध्ये फ्युरीचे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) लागत होते तेव्हा तो वाकला, पण पाय त्याच जागी परत आले. इटाउमासमोर यातलं पहिलं हत्यार चालणार नाही. आणि तो पोरगा मोठा असून हळू नाही, म्हणजे झुआरींनी सांगितलेल्या दमाची वाट बघायलाही वेळ मिळेल की नाही, शंका आहे. तो बारा राउंडांत कसा दिसतो हे अजून कुणी पाहिलेलं नाही, तेवढी एकच फट आहे.

म्हणून माझं मत बदलून लिहितो. ओपेटायानं यावं. उजव्या हाताच्या, उंच, जॅबवर जगणाऱ्यांविरुद्ध तो जिंकू शकतो. जोशुआ, द्युबुआ या घडणीचे. जर्मनीच्या अगित काबायेलविरुद्ध मला भीती वाटते, कारण तो डोक्याच्या मागे लागत नाही, बरगड्या फोडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनच्या झांगसारख्या डावखुऱ्या डोंगराला त्यानं पोटावर मारूनच बसवलं. आणि इटाउमाविरुद्ध आज मी ओपेटायाला पाठवणार नाही. माझा मुलगा असता तर नक्कीच नाही.

वाळवंटी (रविवार, रात्री १०:५५)

मग पाठवायचाच असेल तर कधी, आधी की नंतर? पोरगा दोन वर्षांनी आणखी मोठा होईल.

म्हादई (रविवार, रात्री ११:१०)

तेच अवघड आहे. ओपेटायाला वजन चढवायला दोन वर्षं हवीत, आणि तीच दोन वर्षं इटाउमाला शिकायला मिळणार. उद्या सकाळी सहाला पॅडवर भेटणाऱ्या मुलांपुढे हाच प्रश्न ठेवतो. त्यांच्यात दोघं डावखुरे आहेत, त्यांना एकमेकांसमोर उभं करून पाय कुठे पडतात ते बघतो. समान वजनाचेच आहेत, कुशावती.

कुशावती (रविवार, रात्री ११:२०)

मग मीही येते. कुडचड्याहून पहिली बस पकडली तर सहाला नाही, आठपर्यंत पोचेन. तोवर त्यांना दमवू नका.